मावशीकडे जायच्या स्प्रिंगा

मणक्याचं दुखणं लागल्यापासून आई आमच्या बारक्या गाडीत बसायला तयार नसायची. प्रत्येक खड्डा तिच्या कमरेत जायचा. पण देवरूखच्या पुढे राहणारी मावशी, तिची एकुलती एक बहीण, अंथरुणाला खिळली आणि आईनं धोशाच लावला, "मला तिला बघायचंय गो. एकदा ने."

नेहमीच्या गॅरेजवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मागे मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा टाकू, शॉकअप आणखी एका मॉडेलचे. बिनधास्त न्या."

एकीचं काढून दुसरीला? कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं. स्प्रिंगा कुठून आणल्या विचारलं तर म्हणे, "मिळाल्या हो एकीकडे." एकीकडे म्हणजे कुठे? हायवेला आपटलेल्या गाडीतून काढलेल्या असणार! मी दिवसभर गॅरेजात स्टूल टाकून बसले. स्प्रिंगांचा रंग नखानं खरवडला, रबरं दाबून पाहिली. तो हसला की मला जास्तच संशय यायचा. चहा दिलान, तोही मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बसवलं. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरलाच ती कळवळून ओरडली. गाडी आधीपेक्षा टणक झालेली, मागून नुसती उडत होती. तशीच गॅरेजात नेली आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं.

त्यानं डिकी उघडली. "पेट्या कुठायत?"

"कसल्या पेट्या?"

"आंब्याच्या! मे महिन्यात मावशीकडे रिकाम्या गाडीनं कोण जातं? मी पेट्यांचं वजन धरूनच स्प्रिंगा निवडल्या."

थापा मारतोय मेला, मला वाटलं. पण दरवर्षी माझी डिकी पेट्यांनी भरलेली त्यानं पाहिली होती. यंदा आईच्या आजारपणामुळे आमची आंब्याची बाग दुसऱ्याला कराराने दिलेली, हे त्याला कुठे माहीत?

त्यानं मागच्या अंगणातले जांभ्या दगडाचे चिरे उचलून डिकीत रचले, हलू नयेत म्हणून मध्ये गोणपाट कोंबलं. गाडी खाली बसली. माझा विश्वास काही बसला नाही, तरी निघालो.

गाडी खरंच मऊ चालली. पाली गाव मागे पडल्यावर मी आईला विचारलं,

"दुखतंय का?"

"नाही गो."

आरशात पाहिलं तर तिनं सीटची कड मुठीत आवळून धरलेली. आता मला तिचाच संशय आला. मी गाडी कडेला घेतली.

"खरं सांग, नाहीतर इथूनच वळवते."

"दुखतंय!" आई माझ्यावर खेकसली. "मघाच्यापेक्षा कमी, पण दुखतंय. उद्या ती गेली की तिचं तोंड बघायला नेशीलच ना मला? तेव्हाही एवढंच दुखेल. मग ती बोलतेय तोवर ने."