सभासदाची साखर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या आईने कारखान्याच्या सभासदांना सवलतीत मिळणारी साखर घरात घेतली नाही. वडगाव निंबाळकरमधल्या आमच्या आळीत असं आधी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. वडिलांच्या मागे सभासदत्व तिच्याच नावावर आहे. थोरले चुलते पोतं मोटारसायकलला बांधून घेऊन आले होते.

कारण श्रावणातलं होतं. देवळाच्या सभामंडपात रक्तातली साखर तपासायला पथक आलं. उपाशीपोटी या, असं आदल्या दिवशी स्पीकरवरून सांगितलं होतं. लोक उपाशीच आले, फक्त चहा पिऊन. आमच्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. कडक उपासालाही तो चालतो. आईसुद्धा धार काढून, गोड चहा घेऊन रांगेत उभी राहिली. आकडा जास्त आला. नर्सने चहाचं विचारलं आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. बहुतेक फिरकले नाहीत. चुलत्यांनी निकाल मंडपातच दिला होता: रोग न्हाय, च्या हाय.

आई मात्र दुसऱ्या दिवशी तपासणीला गेली, पाण्याशिवाय काही न घेता. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. मधुमेह अजून झालेला नाही, उंबरठ्यावर आहे, असं पथकातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. दिवसभराचं खाणं त्यांनी तिच्याकडून वदवून घेतलं. दारात येईल त्याच्याबरोबर घेतलेला चहा त्यात निघाला. साखर बंद, भाकरी कमी, उसळ जास्त, रोज चालणं. आत्ता आवरलं तर गोळी लांब राहील, असं त्या म्हणाल्या.

आईच्या थोरल्या बहिणीचा पाय याच रोगाने घोट्यापासून काढावा लागला. त्या इंदापूरला असतात. जखम धुवायला आई तिथे जाऊन राहिली होती.

चुलते धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. पोतं आणलं त्या दिवशी ते माझ्याशी बोलले.

"सांग तुझ्या आईला. ऊस आपला, कारखाना आपला, आन साखरच तेवढी परकी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. ती त्यांना थेट उत्तर देताना मी प्रथमच ऐकलं.

"ऊस माझा हाय भावजी, आन पाय बी माझाच हाय. अक्काचा मी धुतलाय. माझा तुमी धुनार?"

पोतं ओसरीवरूनच परत गेलं. त्या दिवाळीत घरात चकली, शेव आणि चिवडा झाला. आळीत तिला चिक्कट म्हटलं गेलं. चुलत्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. तरी तिने पातेल्यात साखर टाकली नाही. ती कालव्याच्या कडेने चालू लागली, तेव्हा पोलीस भरतीला निघाली का, असं बायकांनी विचारलं. फॉर्म भरलाय, तुमी बी भरा, असं तिने सांगितलं.

गेल्या महिन्यात तिची पुन्हा तपासणी झाली. सकाळचा चहा तिने घेतला नव्हता. आकडा आणखी उतरला आहे. अजून हद्दीच्या आत आलेला नाही. संध्याकाळी ती कालव्यावर गेली.