विंझरच्या बाईंबद्दल मी लिहिलं ते

भोरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं इतिवृत्त बरीच वर्षं मीच लिहीत आलो. शाळामास्तर होतो, अक्षर बरं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्या वहीतली एक ओळ खोटी आहे आणि ती माझ्या हातची आहे. पाळकांच्या परवानगीनं तिच्याखाली आता दुरुस्ती केली आहे. पण ती वही किती जण उघडतात? म्हणून इथेही लिहितो.

विंझरला आमच्या मंडळीचं एकच घर. तिथल्या बाई दर रविवारी एसटी बदलत उपासनेला येतात. नऊ वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या बाजारात, औषधाच्या दुकानासमोर त्या मला दिसल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्या मंडळीतल्या बायका कुंकू लावत नाहीत. मी तोंड फिरवलं. चार पावलांवर होत्या, हाक मारता आली असती. पण मला विचारायचंच नव्हतं, मी ठरवून मोकळा झालो होतो. पंचांच्या बैठकीत सांगितलं आणि मीच लिहिलं: मूर्तिपूजेकडे वळल्याने प्रभुभोजनापासून दूर ठेवावे.

त्यांना तसं कळवलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, आता यायच्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या हजर. त्यानंतरही येत राहिल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात, तेव्हा त्या मागच्या बाकावर हात जोडून बसून राहत.

दोन वर्षांनी शिवऱ्याला चहाला थांबलो असताना एक टेम्पोवाला भेटला. बाईंचा शेजारी निघाला. मी भोरच्या मंडळीतला म्हटल्यावर त्यांच्याबद्दलच बोलू लागला.

"माझी आय आंधळी, अंथरुणाला खिळल्याली. त्या वहिनींनी तिचं हगणं-मुतणं काढलं, गुरुजी. म्या पोटचा पोरगा, म्या न्हाई केलं. आय त्यांचं कपाळ चाचपायची. नवरा जिता आसताना कपाळ मोकळं म्हणून रडायची. एक दिस तिनंच आपल्या हातानं कुंकू लावलं. वहिनी वेल्ह्याला औषध आणाया निघाल्या, तवा म्या म्हणलं, आता पुसा की. तर म्हणाल्या, म्हातारी परत चाचपंल, राहू दे."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

आणि तरी सात वर्षं गप्प बसलो. नव्या पाळकांनी ती ओळ वाचून विचारलं, तेव्हाही "जुनं प्रकरण आहे," म्हणून टाळलं. देव मला एकच गोष्ट करायला सांगत होता. ती सोडून मी बाकी सगळं करत होतो. उपास केले, आजाऱ्यांना भेटलो, पहाटे उठून क्षमा मागितली. शेवटी बायकोजवळ बोललो, तर ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? विंझरच्या बाई मी आहे का?"

यंदा कापणीच्या सणाला शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. दुसऱ्याचा न्याय करू नये, हाच उतारा. पुढे भाताच्या लोंब्या मांडलेल्या, मंडळी भरलेली. मी पुस्तक उघडलं आणि म्हणालो, "हे वाचण्याआधी मला पाळायचं आहे." मग सगळं सांगितलं. कुंकवाचं, टेम्पोवाल्याचं, सात वर्षांचं.

मागच्या बाकावरून बाई उठल्या.

"तवाच इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, गुरुजी."

"चुकलो, बाई. क्षमा करा."

"ती म्या कवाच केली. न्हाईतर दर रविवारी तुमचं तोंड बघाया आले आसते व्हय?" मग म्हणाल्या, "पर नऊ वर्सं! विंझर काय लई लांब न्हाई. यष्टी रोज येती."

मंडळी खळखळून हसली. मीही रडता रडता हसलो. पाळकांनी तिथल्या तिथे ती बंदी उठवली आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना पुढे बोलावलं. मी मात्र माझ्या बाकावरच बसून राहिलो. आज भाकर घ्यायची माझी लायकी नाही, असं वाटलं. बाई माझ्या बाकापाशी थांबल्या.

"उठा. आता सोताचाबी न्याय तुमीच करनार व्हय?"

मी उठलो. आम्ही दोघांनी शेजारी शेजारी गुडघे टेकले. पाळकांनी पहिला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला, दुसरा माझ्या. पेटी सुरू व्हायच्या आधीच बायकांच्या बाजूनं गीत उठलं, मग पुरुषांनी उचललं. मी एरवी तोंडातल्या तोंडात गातो. त्या दिवशी माझा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात.