डावीकडचं दार

जुनी गाडी घेताना पत्र्यावर चुंबक लावून बघतात. जिथं तो चिकटत नाही, तिथं रंगाखाली पुट्टी असते. आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार बघायला निघताना मी फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती खिशात टाकला.

लालभडक, दोनच सीटची गाडी. गणपती बॉनेटला चिकटला, डिकीला चिकटला, डावीकडच्या दारावरून मात्र घसरून पडला.

“ॲक्सिडेंट झाला होता का?” मी मालकांना विचारलं.

“हो.” त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी गणपती उचलून सदऱ्याला पुसला. “गाडी तेवढी दुरुस्त झाली.”

जुन्या वस्तूचं वय आपण बिनदिक्कत विचारतो. तिनं काय पाहिलंय, हे विचारायला जीभ रेटत नाही.

डावीकडच्या सीटवर हौसेनं जाऊन बसलेली माझी बायको खाली उतरली. दार तिनं अगदी अलगद लावलं, आत कुणी झोपलं असल्यासारखं.