जावईबापूंच्या डुकरांचं पथ्य

या, अशा जवळ सरका. आणि आधी ते नाक सरळ करा बघू! मथळ्यात डुक्कर दिसलं की लगेच मुरडलंत ना? मला दिसतं हो इथून. वास आम्ही सोसला आणि नाकं मुरडताय तुम्ही! शोभतं का हे?

तर सांगायचं एवढंच, की माझ्या जावईबापूंच्या डुकरांचं पथ्य मी मोडलं आणि त्यामुळे सुरत शहराची हवा बिघडली. (सगळ्या शहराची नाही. डिंडोलीच्या कडेची. पण बिघडली.)

आमचे जावई विलासराव आधी बमरोलीला कापडाच्या लूमवर होते. लूमचं काम सुटलं तसं त्यांनी डिंडोलीच्या पलीकडे, खाडीच्या काठाला शेड बांधली आणि डुकरं पाळली. हे ऐकून मी आधी रडले. आमच्या घरात ‘डुक्कर’ हा शब्द फक्त माझ्या मुलाला हाक मारायला वापरला जाई! पण एकदा बघायला गेले आणि काय सांगू, पांढरीशुभ्र, गुबगुबीत, कान पंख्यासारखे, आणि मी बोलले की मान वर करून ऐकायची. घरात माझं एवढं लक्ष देऊन कोण ऐकतं? जीव जडला.

अडचण एकच. वास.

शेडच्या समोर एक सोसायटी आहे. तिचे प्रमुख जयंतीभाई, सज्जन माणूस, पण नाक फार तेज. एक दिवस तोंडाला रुमाल लावून आले.

“विलासभाई, बहु वास आवे छे! मारा पडदा पण गंधाय छे!”

आणि खाडीचं पाणीही हिरवं पडलं, असं म्हणाले. दिवाळीपर्यंत सुधारा, नाहीतर तक्रार करून शेड बंद करू. विलासरावांचा चेहराच उतरला. शेड बंद म्हणजे पुन्हा लूमच्या दारात उभं राहणं, आणि आता तिथे त्यांना घेणार कोण? माझी लेक सरला दोन घास नीट जेवेना.

मग विलासरावांनी जनावरांच्या डॉक्टरणीला बोलावलं. वयाने लहान, पण तोऱ्यात उभी राहणारी. तिने शेण बघितलं. (डुकराच्या शेणाला शेणच म्हणतात की आणखी काही, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी शेणच म्हणते.)

“खायला काय घालता?” तिने विचारलं.

“सगळं भारीतलं! शेंगदाण्याची पेंड, सोयाबीनची पेंड, भरपूर!” विलासराव छाती काढून म्हणाले.

“तेच बाधतंय. अंगाला लागतं तेवढंच प्रोटीन जनावर घेतं. वरचं सगळं लघवीवाटे बाहेर येतं, आणि मग असा वास सुटतो. खाद्यातलं फॉस्फरसही त्यांना नीट पचत नाही, ते शेणातून खाडीत जातं, त्यावर शेवाळ माजतं. म्हणून पाणी हिरवं.”

उपाय सोपा होता. पेंड कमी करायची, मका वाढवायचा, अंगाला हवं ते भरून काढायला मोजून एक पावडर, आणि फॉस्फरस पचायला दुसरी पावडर.

“म्हणजे पथ्य?” मी विचारलं.

“पथ्यच समजा, मावशी.”

तिथेच माझं बिनसलं. अहो, मी खान्देशातली बाई! आमच्याकडे पाहुणा ‘पुरे’ म्हणून ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा आम्ही हाताच्या फटीतून वाढतो. आणि इथे लेकीच्या घरच्या मुक्या जिवांना मोजून खायला?

पहिले काही दिवस मी गप्प राहिले. (माझ्या मानाने.) वास खरंच कमी झाला. जयंतीभाई रुमालाशिवाय आले आणि चक्क चहा पिऊन गेले. पण त्या दुपारी मी शेडमध्ये डोकावले, तर गव्हाणीत काय? नुसता मका! सगळ्यात मोठ्या डुकराने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या सासुरवासाची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मी पदराआड मूठभर पेंड नेली. मूठभर हो! मुठीने काय होतं?

मुठीची वाटी झाली. वाटीचा डबा झाला. दुपारी विलासराव जरा आडवे झाले की मी स्टीलचा डबा घेऊन जायची, झाकण डब्यावर ठण्णकन वाजवायची आणि म्हणायची, “या रे माझ्या राजांनो!” की सगळी माझ्यापुढे हजर. आज तुरीचं वरण, उद्या चवळी, परवा मुगाची खिचडी. एकदा शेव-भाजीही नेली, पण तिखट कमी घालून. (पथ्य ना!)

वास परत चढला.

डॉक्टरीण आली, चक्रावली. “पेंड आणखी कमी करा.” विलासरावांनी कमी केली. मला अजून कळवळा आला, मी डबा मोठा केला. ती परत आली, वही उघडून म्हणाली, “कमालच आहे! पेंड निम्म्यावर आणली, तरी वजन वाढतंय आणि वासही वाढतोय. असं मी कुठे पाहिलेलं नाही.”

“मायेने वाढत असतील,” मी म्हणाले.

सरलाने माझ्याकडे तिरपं बघितलं. मी घरबसल्या करते ते साडीला लेस लावायचं काम पुढ्यात ओढलं आणि सुई ओवत बसले. सुई बराच वेळ ओवली गेली नाही.

दिवाळी झाली आणि सोसायटीवाले वास घ्यायला येणार, असा निरोप आला. त्याच्या आदल्याच दिवशी मंदिरात भंडारा! वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आणि बट्ट्या उरल्या म्हणजे किती उरल्या! मी मनात म्हटलं, उद्या पाहुणे येणार, डुकरं भुकेली असली तर चिडचिड करतील, ओरडतील, आपलीच नाचक्की. पोटभर जेवली की शांत झोपतील. म्हणून वरणाने भरलेली बादली आणि बट्ट्यांनी भरलेलं टोपलं मी रिक्षाने शेडवर नेलं. रिक्षावाल्याने विचारलं, “मासी, किसकी शादी है?” मी म्हटलं, “घरच्यांचीच समज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं आणि विलासराव दोन पावलं मागे आले. तो वास मी लिहू शकत नाही. डोळ्यांतून पाणी! मी धावत जाऊन अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला आणि गुलाबपाणी शिंपडलं. आता काय झालं, डुक्कर आणि गुलाब एकत्र आले. दोन्ही वेगवेगळे असताना बरे होते!

तेवढ्यात जयंतीभाई आणि सोसायटीची माणसं आली. दारातच थबकली. डॉक्टरीणही आली होती, ती खाली बघायला लागली.

“विलासभाई,” जयंतीभाई रुमालातून म्हणाले, “मने दुःख थाय छे, पण हवे बंद करो.”

विलासराव नुसते शेडच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. मला ते बघवेना. सरला म्हणाली, “माय, निदान चहा तरी आण.” मी चहा आणला, सोबत बिस्किटांचा डबा. घाईत ठेवायला गेले. झाकण निसटलं आणि डब्यावर आपटलं.

ठण्ण!

झोपलेलं प्रत्येक डुक्कर उठलं! ओरडत, एकमेकांना ढकलत सगळी माझ्या बाजूच्या कठड्याशी आली. मोठ्या डुकराने तर पुढचे दोन पाय भिंतीवर टाकून माझ्या पदराला तोंड घातलं. गव्हाणीत डॉक्टरणीचं खाद्य तसंच पडलेलं, त्याकडे कोणी ढुंकून बघेना.

डॉक्टरणीने डुकरांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मावशी, तुम्ही यांना काय देता?”

“मी? मी कुठे काय... प्रेम देते.”

तिने काठी घेतली आणि नालीत अडकलेलं काहीतरी वर काढलं. गोल, फुगलेलं, पिवळं. जयंतीभाई वाकले, रुमाल खाली घेतला आणि ओरडले, “आ तो बट्टी छे! गई काले भंडारामां में पण आ ज खाधी!”

सोसायटीची माणसं हसायला लागली. जयंतीभाई नाही हसले. आपण आणि डुक्कर एकाच पंगतीला होतो, हे त्यांच्या ध्यानात येत होतं.

“माय, हाई काय करी ठेवं तू?” सरला अहिराणीत कडाडली. लेक रागावली की थेट गावाकडच्या भाषेवर येते. विलासरावांना मात्र सासूवर ओरडता येईना. ते लाल झाले, पांढरे झाले, शेवटी हात जोडून म्हणाले, “आई, तुम्ही घरी आराम करा. खूप आराम करा.”

डॉक्टरीण मात्र खुशीत! “म्हणजे माझं खाद्य बरोबर होतं!” तिने सोसायटीला सगळं समजावलं. पहिल्या दिवसांत वास कमी झालाच होता, तो वाढला तो वरच्या वरण-खिचडीने. जयंतीभाईंनी विचार केला आणि होळीपर्यंत मुदत दिली. अट एकच: डॉक्टरीण सांगेल ते खाद्य राहील, डुकरं राहतील, आणि बेन (म्हणजे मी) शेडच्या आसपास दिसणार नाहीत.

अट पाळली. वास खरंच गेला. खाडीचं पाणी निवळायला वेळ लागेल म्हणतात, पण जयंतीभाईंच्या खिडक्या आता उघड्या असतात. विलासरावांच्या शेडवर पाटी आहे, ‘बाहेरचे खाणे घालू नये’. माझा फोटो तेवढा लावायचा राहिला आहे. लोक म्हणतात, कारखाने प्रदूषण करतात, गाड्या करतात. डिंडोलीत तपास लागला तेव्हा आरोपी निघाली मी! इतकी डुकरं सुखाने नांदताहेत आणि हद्दपार झाली ती एकटी सासू.

तेव्हा या एकदा सुरतेला, लवकर या. शेड बघा, हवा कशी छान झाली आहे ती हुंगा. फक्त आधी शेडवर जा आणि मग माझ्याकडे जेवायला या. उलट करू नका. तुमच्या हाताला माझ्या वरणाचा वास आला, तर डुकरं तुम्हालाही आत ओढतील, आणि विलासराव मलाच धरतील!