हात वर करा, मगच आत या

वाचनालयात नोकरी केलेल्या माणसाकडं एवढे किस्से येतात कुठून, असं मला पुष्कळ जण विचारतात. अहो, लोकांनी नेलेली पुस्तकं परत येत नाहीत, त्या रिकाम्या जागेत किस्से येऊन बसतात! आज फक्त प्लेगनंतरचे सांगतो.

दुसरी जागतिक लढाई चालू होती. सांगलीजवळच आमचं गाव. प्लेगनं उंदीर मरून पडायला लागले तसं सगळं गाव माळावर झोपड्या टाकून राहिलं आणि चार महिन्यांनी परतलं. वाचनालय मात्र बंदच. हळदीचे व्यापारी रेवाप्पाशेठ कमिटीला म्हणाले, "इमारत रिकामीच आहे, माझ्या पोत्यांना द्या." रविवारी सभासदांची सभा ठरली. त्याच्या आत वाचनालय नीट, बिनधोक चालू करून दाखवायचं, नाहीतर पुस्तकांच्या जागी पोती!

ग्रंथपाल होते अण्णा. पहिल्या लढाईत फौजेच्या दवाखान्यात कंपाउंडर. शिस्त भयंकर. मी त्यांचा कारकून, म्हणजे शिस्त माझ्यावरच.

*

अण्णांनी सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात घातली, गंधकाची धुरी दिली आणि वर पानापानाला कडुलिंबाचा पाला चोळायला लावला. माझे हात आठवडाभर हिरवे होते.

आमचे निवृत्त हेडमास्तर जिभेला बोट लावून पानं उलटायचे. तिसऱ्याच पानाला थू थू करत टेबलापाशी आले. "अण्णा, ही कादंबरी कडूजहर आहे हो!"

"फार छान! नाग चावलेल्याला पाला कडू लागत नाही. तुम्हाला लागला. वाचा निर्धास्त!"

*

बुधवारी मासिकांच्या कपाटामागून उंदीर पळाला. मी बाकावर चढलो. अण्णांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं!

"अरे, पळतोय! चांगला धडधाकट आहे!"

लगेच दारावर नोटीस लागली: 'वाचनालयातील उंदीर जिवंत व सुखरूप आहे. सभासदांनी निश्चिंतपणे यावे.' लोक येता-जाता उंदराची खुशाली विचारायला लागले. अण्णा त्याला रोज चार शेंगदाणे टाकत.

मेलेला उंदीर सापडला की वाचनालयाला कुलूप, हे शेठजींना पक्कं ठाऊक. त्यांनी घरचं मांजर भेट म्हणून पाठवलं! अण्णांनी चिठ्ठी लिहून परत केलं: 'प्रवेश फक्त सभासदांना.'

"आणि उंदीर?" मी विचारलं.

"तो रोज वेळेवर येतो. तू येतोस?"

*

दारात तपासणी असायची. दोन्ही हात वर करायचे, अण्णा बॅटरी लावून काखेत प्लेगची गाठ आहे का बघणार, मग आत. ओळखपाळख काही नाही.

तुकानानांचा पोरगा पलटणीतनं ब्रह्मदेशात गेलेला. नानांना वाचता येत नव्हतं. अण्णा त्यांना पेपर वाचून दाखवत, तेवढाच त्यांच्या जिवाला आधार. चार महिने तेही बंद. पहिल्याच दिवशी ते धापा टाकत आले.

"हात वर!"

"आवं अण्णा, मी काय जपानी हाय व्हय?"

"जपानी असला तरी गाठ नसली की आत सोडणार. वर करा!"

नानांनी हात वर केले ते आत बाकावर बसेपर्यंत खाली घेतलेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "ब्रह्मदेशाचं काय आलंय का बघा. कसलंबी असू द्या." मला तिथं उभं राहवेना. उगाच पुस्तकं झटकत बसलो.

*

शुक्रवारी शेठजी टेप घेऊन हॉल मोजायला आले. दाराबाहेर अर्धी पेठ उभी.

"हात वर!"

"अहो, मी कमिटीच्या..."

"प्लेगला कमिटीबिमिटी कळत नाही."

शेठजींनी हात वर केले. बॅटरी जवळ आली मात्र, "हीऽहीऽही! नको हो! अगागा!" करत एवढा वजनदार माणूस पायरीवर आडवा! पगडी एकीकडं, टेप एकीकडं. अण्णांनी शांतपणे रजिस्टरात नोंद केली: 'गाठ नाही. गुदगुल्या भरपूर.'

*

रविवारी सभा. आदल्या दिवशी शेठजींनी सगळ्या सभासदांना पुरणपोळीचं जेवण घातलेलं. म्हणजे बहुमत त्यांच्याच बाजूला, याबद्दल मला तरी शंका नव्हती. तुकानाना सभासद नव्हते. ते खिडकीचे गज धरून बाहेर उभे.

अध्यक्ष वकीलसाहेब उठले. "इमारत रेवाप्पाशेठना द्यावी, असा ठराव आहे. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

मागच्या खुर्चीवरून अण्णा उठले. खिशातून बॅटरी काढली, पहिल्या रांगेपुढं येऊन उभे राहिले आणि बटण दाबलं.

हेडमास्तर डोकं खाजवत होते, त्यांनी हात चटकन मांडीखाली घातला.

"अनुकूल कोण?" वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं.

सगळे शेठजींकडं बघायला लागले. शेठजींनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले, पार कोपरापर्यंत!

वकीलसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि ठराव नापास झाल्याचं जाहीर केलं.

अण्णांनी सगळ्या सभेवरून एकदा बॅटरी फिरवली आणि बंद केली.

"सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे," ते म्हणाले. "तुकानाना, आत या. पेपर वाचू."