बाही वर करा

डॉ. सुमती नळगीरकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मे महिन्यातल्या एका दुपारी, त्यांच्या नांदेडच्या दवाखान्यात. मी तेव्हा नायगावच्या शाळेत गणित शिकवत असे. बरोबर माझे यजमान दिगंबरराव होते. ते तहसील कार्यालयात नोकरीला होते. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटाशी बटणे लावून घातला होता. बाकांवर बसलेल्या लोकांकडे पाहिले, तर बहुतेकांचे कपडे तसेच. आपण योग्य ठिकाणी आलो आहोत, हे मला तिथेच कळले.

यजमानांना सोरायसिस होता. कोपरांवर, दंडांवर, मानेवर लाल चट्टे आणि त्यांवर पांढरा कोंडा. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण आमच्याकडे ते कोणाला पटत नसे. कार्यालयातले एक गृहस्थ हसत म्हणायचे, "गजकर्ण हाय, जरा लांबूनच बोला साहेब." हेही वरवर हसायचे. कार्यालयात आरोग्य शिबिर असले की हे नेमके त्या दिवशी रजा काढत, कारण रक्तदाब मोजायचा म्हणजे बाही वर करावी लागते.

बाईंनी आत बोलावले आणि पहिलेच वाक्य म्हणाल्या, "बाही वर करा."

"मलम लिहून द्या ना डॉक्टरसाहेब. मानेवर दिसतंयच की," यजमान म्हणाले.

"मानेवरचं दिसायलंय हो. मला दंड पाहिजे."

यांनी बटण सावकाश काढले. बाईंनी हातमोजे घातले नाहीत. चट्ट्यांवर तळहात ठेवून त्यांनी दंड धरला, पट्टा गुंडाळला आणि रक्तदाब मोजला. थोडे थांबून पुन्हा मोजला. तो भलताच वाढलेला होता. याआधी तो कोणी मोजलाच नव्हता.

यजमान चिडले. "आम्ही कातडीसाठी आलो. तुम्ही काळजापर्यंत कशाला जायलात?"

"मी नाही, तुमचा रोग जायलाय," बाई म्हणाल्या. "भिंतीला ओल आली तर नुसता चुना मारून भागतं का? आत नळ कुठं झिरपायलाय ते बघावं लागतं. या रोगाची सूज नुसती कातडीत नसते, रक्तवाहिन्यांनाही त्रास देते. सगळ्यांनाच हृदयाचं दुखणं होतं असं नाही. पण धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून रक्तदाब, साखर, चरबी बघत राहायचं. वजन उतरवायचं, तंबाखू सोडायची. भिऊ नका, पण विसरू नका."

यजमान भ्याले नाहीत. भीती माझ्या वाट्याला आली आणि ती अजून माझ्याकडेच आहे.

बाईंच्या औषधाने काही महिन्यांत चट्टे गेले. यांनी लग्नानंतर पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवला, निळ्या रेघांचा. शिंप्यालाही नवल वाटले. उदगीरला पुतणीचे लग्न होते, तिथे हे तो घालून पंगतीत वाढायला उभे राहिले. ज्यांनी कधी यांच्या हातचे पाणी घेतले नव्हते, त्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढली. मी बायकांच्या पंगतीतून पाहत होते. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता.

चट्टे गेले तसे यांनी मलम बंद केले आणि रक्तदाबाची गोळीही बंद केली. कातडीच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी कातडीचीच असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. "डाग गेले, आता कशाला?" असे ते भावाला म्हणाले होते, हे मला नंतर कळले. त्या लग्नानंतर फार दिवस गेले नाहीत. एका सकाळी पित्त झाले म्हणून ते पलंगावर आडवे झाले. गाडी येईपर्यंत सगळे संपले होते. अंगात तोच शर्ट होता.

तेराव्यानंतर बाई नायगावला आल्या. पेशंटच्या घरी त्या कधी जात नसत, असे नंतर त्यांच्या दवाखान्यातल्या लोकांनी सांगितले. माझ्याजवळ सतरंजीवर बसल्या आणि गोळी का बंद केली होती ते विचारले. दीर शेजारीच बसले होते, त्यांनी सांगितले. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. पण त्यांना काय कळलं, ते विचारलंच नाही." समोरचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर बाईंनी आपली रीत बदलली. आज त्यांच्या दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. बाई एकेक औषध हातात देतात आणि पेशंटकडून वदवून घेतात. "हे कशाचं?" "डागाचं." "आन् ही?" "काळजाची." "डाग गेले तर ही बंद करायची का?" "न्हाई बाई!" नुसते "हाव हाव" म्हटलेले त्यांना चालत नाही. बरोबर बायको, भाऊ, सून जे कोणी असेल त्यालाही म्हणावे लागते. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतले सगळे ऐकू येते. "बाईंची शाळा भरली," म्हणून लोक हसतात. त्या हसण्यामागे माझे यजमान आहेत, हे बहुतेकांना माहीत नाही. माझी परवानगी घेऊनच मग बाई सोरायसिसच्या रुग्णांसाठी भरवलेल्या मेळाव्यांत त्यांची गोष्ट सांगू लागल्या, तीही नाव न घेता.

बाईंचा स्वभाव कडक आहे, पण त्यांच्याइतके पेशंटच्या बाजूने उभे राहणारे मी पाहिलेले नाही. एका नवरदेवाच्या डोक्यात कोंडा पाहून सलूनवाल्याने त्याचे केस कापायला नकार दिला होता. मुलगा रडकुंडीला येऊन दवाखान्यात आला. बाई त्याला घेऊन थेट त्या सलूनमध्ये गेल्या. "आधी याचे कापा, मग त्याच कात्रीनं माझे," असे म्हणून खुर्चीत बसून राहिल्या. सलूनवाला घाबरून म्हणाला, "बाई, मला बायकांचे जमत न्हाईत हो." "मग शिका," बाई म्हणाल्या. मुलाचे केस कापून झाले आणि मगच त्या उठल्या. स्वतःचे केस मात्र वाचवले, असे त्याच सांगतात.

मी निवृत्त होऊन नांदेडला राहायला आले, तेव्हापासून रविवारी त्यांच्या मेळाव्यांत मदत करते. खुर्च्या मांडणे, नावे पुकारणे, एवढेच. बाईंच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहायला सत्कार समितीने सांगितले ते त्यामुळे. मी आधी नाही म्हटले होते. नंतर जे घडले त्यामुळे लिहायला बसले आहे.

माझा मुलगा प्रशांत अभियंता आहे, जवळच विष्णुपुरीला नोकरी करतो. मागच्या दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी तेल लावताना मला त्याच्या कोपरावर चट्टा दिसला. त्याने हात मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्याचे शर्ट पूर्ण बाह्यांचे झाले. तो बापासारखाच मनगटाशी बटण लावू लागला. मी काही बोलले की "आई, काही नाही गं, उगं मागं लागू नकोस" म्हणायचा. त्याला जेवल्यावर ढेकर आला तरी माझ्या हातातला घास थांबायचा. तो जिना चढताना मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याचा श्वास ऐकत असे.

शेवटी मी बाईंना सांगितले. त्यांनी त्याला दवाखान्यात बोलावले नाही. लातूरला मेळावा होता. "माझा ड्रायव्हर गावाला गेलाय, तुझ्या मुलाला गाडी चालवायला पाठव," असा निरोप दिला. तिथे पोचल्यावर त्याच्या हातात रक्तदाबाचे मशीन दिले.

"इंजिनीअर आहेस ना? मग पट्टा बांध आन् आकडे सांग."

प्रशांतने सकाळभर लोकांच्या बाह्या वर केल्या. काही दंडांवर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चट्टे होते. सुरुवातीला तो कापडाची कडच धरत होता, नंतर दंड नीट धरू लागला. एक निलंग्याची आजीबाई बाही सोडायला तयार नव्हती. तिला तोच म्हणाला, "आजी, लाजायलीस कशाला? हे काय लागत नसतंय." मी नावे पुकारायची थांबले होते. बाईंनी मला नजरेनेच पुढे चालू ठेवायला सांगितले.

शेवटचा माणूस उठून गेल्यावर बाई म्हणाल्या, "आता तू. बाही वर कर."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग बटण काढले.

रक्तदाब वाढलेला होता. वडिलांइतका नाही, पण वाढलेला. बाईंनी पुन्हा मोजला, तरी तेवढाच. आता त्याच्या हृदयाच्या तपासण्या व्हायच्या आहेत. हा ग्रंथ छापून येईल तेव्हा त्यांचे निकाल हातात असतील. हे लिहिताना मी ते गृहीत धरू शकत नाही. पण रोज सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, पाण्याचा पेला घेतो आणि तळहात पुढे करून मला दाखवतो. "आई, ही काळजाची." मी मान हलवते.

बाई, आपल्याला शंभर वर्षे आयुष्य लाभो, असे सगळेच लिहितील. मी मागते आहे ते माझ्या स्वार्थापोटी. माझ्या मुलाच्या आणि त्या बाकांवर बटणे लावून बसलेल्या सगळ्यांच्या दंडावर ठेवायला आपला हात हवा आहे. आपण सर्वांना विचारता, पण आपला रक्तदाब शेवटचा कधी मोजला, हे विचारले की विषय बदलता. ते मी पाहिले आहे. म्हणून समितीला एक विनंती केली आहे आणि ती मान्य झाली आहे. सत्काराच्या दिवशी शाल पांघरण्याच्या आधी प्रशांत मशीन घेऊन व्यासपीठावर येईल. त्या वेळी कृपा करून आपणही बाही वर करा.