एकही शेळी न हललेला पिक्चर

राणीसावरगावच्या शिवारात पिक्चर बरा का वाईट, हे शेळ्यांवर ठरतं. बाकीच्या दुनियेत म्हणे चांदण्या देतात. साडेतीन चांदण्या, चार चांदण्या. पण अर्धी चांदणी दिसते कशी हे येडबाला कधी उमगलं नाही, आणि शेळी अर्धी नसते हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

येडबा म्हणजे साठीला टेकलेला, आयुष्यभर शेरडामेंढरांच्या मागं चाललेला माणूस. त्याच्या थोरल्याने, परभणीत राहणाऱ्या शिवशंकरने, स्वतःला नवा फोन घेतला तेव्हा जुना बापाला दिला. कळप कुठं आहे, बाप जेवला का, एवढं विचारता यावं हा त्यातला हेतू. बापाने आठवडाभरात त्याच्यावर पिक्चर लावायचं शोधून काढलं, आणि तेव्हापासून लेकाचा फोन आला की तो म्हणायचा, "ठेव बाबा आता. हिरो मार खायलाय."

पिक्चर बघायची त्याची जागा ठरलेली. चराईच्या अंगाला रेंज एकाच टेकाडावर येते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून तो टेकाडावर बसून डोक्यावरून घोंगडं ओढून घेतो. आत अंधार, उजेडाला फोन, वासाला तंबाखू आणि सोबतीला सावलीच्या लोभाने शिरलेलं कुत्रं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कोणी मोठं गाठोडं टेकाडावर विसरून गेलंय आणि ते गाठोडं मधूनमधून हसतंय.

शेळ्यांचं माप तिथूनच आलं. गावात चहाचं हॉटेल चालवणाऱ्या परमेश्वरने पाऊस आणि बाजारभाव कळावेत म्हणून 'पिकपाणी' नावाचा ग्रुप काढला होता. त्याने एकदा सहज विचारलं, "मामा, कालचा पिक्चर कसा व्हता?" येडबाला टाइप करता येत नाही; त्याने बोलूनच पाठवलं. "कसा त्ये मला काय ठावं बाबा. माझी शिकाई चौथी, ती बी मास्तर गरीब व्हते म्हणून. पर दोन शेळ्या वढ्यापल्याड गेलत्या आन् मला पत्ता न्हाई, म्हंजे बरा असंल."

गावाला हे फार पटलं. मग एका शेळीचे, तीन शेळ्यांचे पिक्चर निघू लागले. पाच शेळ्यांचा असला तर माणसं हातातलं काम टाकून बघत. आणि ज्याला एकही शेळी हलली नाही, तो पिक्चर गावातून उठलाच. शेळ्या गेलेल्या असत त्या नेहमी ओढ्याकडेच. ओढा सरकारचा, त्यामुळे जाब विचारायला कोणी येत नसे.

येडबा स्वतःला जाणकार समजत नाही. निदान तसं म्हणत नाही. "मी हिरोला बघतच न्हाई," तो सांगतो. "मी त्याच्या मागं बांधलेलं जनावर बघतो. परवाच्या पिक्चरमधी शेळी गाण्याच्या आधी गाभण व्हती, गाण्यानंतर बोकड. ज्याला शेळी संबाळता येईना, त्यो भावाचा बदला काय घेणार." असं आधी स्वतःला खाली बसवून घेतलं, की मग तो मत द्यायचा ते मात्र कोर्टाच्या निकालासारखं. व्यंकटरावांच्या बायकोने, धुरपताबाईंनी, एकदा निरोप धाडला की सुनेबरोबर बसून बघता येईल असा एखादा सांग, सासू वाईट नसलेला. येडबाने कितीतरी दुपारी घोंगड्यात घालवल्या आणि कळवलं, "मालकीणबाई, तसला अजून निघाला न्हाई. तवर कीर्तन बघा."

हे व्यंकटराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सुगी झाली की येडबाचा कळप उन्हाळाभर त्यांच्या रानात बसतो. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं, त्याच्या बदल्यात येडबाला धान्य मिळतं, आणि धान्याहून मोठं म्हणजे त्यांच्या विहिरीचं पाणी. भर उन्हाळ्यात एवढ्या कळपाला पुरेल अशी दुसरी विहीर त्या अंगाला नाही. ही जागा गेली असती तर येडबाला कळप घेऊन खाली गंगाखेडकडे गोदावरीच्या काठाला उतरावं लागलं असतं, आणि त्याचे गुडघे तर असे की देवळाच्या पायऱ्याही तो देवाचं नाव घेत चढतो, भक्तीने नव्हे. नाहीतर मग निम्मा कळप बाजारात. शिवाय महारुद्र नावाचा दुसरा मेंढरंवाला त्या जागेवर टपूनच होता. व्यंकटरावांची अट एकच: उभ्या पिकात जनावर दिसलं की पुन्हा रानात पाय ठेवायचा नाही.

येडबाचं ते टेकाड व्यंकटरावांच्या हरभऱ्याला लागूनच आहे, हे सांगायचं राहिलंच.

हरभरा घाट्याला आला होता, शेंगा भरत होत्या. येडबाने त्या दुपारी एक पिक्चर लावला. दक्षिणेतला, हिंदीत बोलायला लावलेला. पोरगी लहान असताना घर सोडून गेलेला एक लॉरीवाला बाप तिच्या लग्नात वाढपी होऊन येतो. कोणी ओळखत नाही. तो पोरीच्या ताटात जिलबी वाढतो, ती त्याच्या हाताकडे बघते, आणि तो पुढच्या ताटाकडे सरकतो. बस्स. मारामारी नाही, बदला नाही, गाणंसुद्धा अर्धंच. पिक्चर संपला तेव्हा येडबाची दाढी ओली होती आणि कुत्र्याच्या पाठीवर थेंब पडले होते. त्याने घोंगडं बाजूला केलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि टेकाडावर एकही जनावर नव्हतं.

सगळा कळप व्यंकटरावांच्या हरभऱ्यात होता. शेळ्या, मेंढ्या, करडं. आणि आदल्या दिवसापासून पाऊल टेकवत नसलेला लंगडा बोकड, तो सगळ्यांच्या पुढे. येडबाने आरडाओरडा केला नाही, कारण आरडाओरड्याला माणसं गोळा होतात. जिभेने टकटक करत त्याने एकेक जनावर बाहेर काढलं. कोणी पाहिलं नाही. बांधालगतचा पट्टा मात्र हजामत केल्यासारखा दिसत होता.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, केवळाबाईने, मेंढ्यांपुढे पाला टाकला. एकीनेही तोंड लावलं नाही. तिने एका मेंढीचं तोंड धरून हुंगलं. हरभऱ्याच्या पाल्याची आंब, तो आंबट वास, काही लपत नाही.

"कसला पिक्चर व्हता?" तिने विचारलं.

"कुठला पिक्चर?"

"डोळे सुजलेत तुमचे. माझा बाप गेला तवा बी इतके सुजले न्हवते."

"धूळ गेली."

"घोंगड्यात?" केवळाबाई म्हणाली. "मालकाला तुमी सांगणार, का मी गंगाखेडला जायचं बोचकं बांधू?"

सकाळी सांगतो, असं येडबा म्हणाला, आणि तो खरोखरच सांगणार होता. पण तेवढ्यात परमेश्वरचा आवाज आला, फोनमधून. "मामा, आज काय बघितलं? किती शेळ्या?" ग्रुपमध्ये व्यंकटरावही होते. गप्प राहावं तर गाव विचारणार, मामा का गप्प. येडबाने फोन तोंडाशी नेला. "त्यो बापाचा, जिलबीचा पिक्चर बघू नका कुणी. लय फालतू. एक बी शेळी हलली न्हाई."

आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या पिक्चरबद्दल हे बोलताना, आपण मयतीला जाऊन जेवायचं विचारतोय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी तो पट्टा पाहिला आणि ग्रुपवर टाकलं की रोही हरभऱ्यात पडायलेत. रोही म्हणजे नीलगाय. रात्री येते, पीक खाते, कोणाला सापडत नाही. सगळ्यांत आधी हळहळ कोणी पाठवली असेल तर येडबाने. "लय उच्छाद मांडलाय मालक. जनावरात आता इमान ऱ्हायलं न्हाई."

मग कळलं की व्यंकटराव स्वतः राखणीला मचाणावर बसायला लागलेत, थंडीत, दम्याचा माणूस. येडबाला भाकरी गोड लागेना. त्यात दुसरंच एक दुखणं: तो पिक्चर पोटात तसाच पडून होता आणि बोलायला कोणी नव्हतं. गावात बोलायची सोय त्याने स्वतःच बंद केलेली. केवळाबाईपुढे पिक्चरचं नाव काढायची हिंमत नव्हती. कुत्र्याला सांगावं, तर त्याने पाहिलेला.

पुढं एका सकाळी येडबा परमेश्वरच्या हॉटेलात चहा घेत बसला होता. व्यंकटराव आले. कानाला मफलर, डोळे लाल.

"येडबा," ते बाकावर बसत म्हणाले, "तुझं माप बिघडलं."

"कसं काय मालक?"

"राखणीला जागायचं म्हणून एखादा पिक्चर लावावा म्हणलं. पर गुंतून पडंल असला नको, ध्यान पिकावर पाहिजे. म्हणून तू सांगितला त्योच लावला. एक शेळी हलली न्हाई म्हंजे राखणीला बरा." त्यांनी चहा बशीत ओतला. "आरं, त्या जिलबीच्या पायी मचाणाखाली रोह्याचं लगीन लागलं असतं तरी मला कळलं नसतं. बॅटरी हातातून कवा पडली, पत्ता न्हाई."

परमेश्वर हसायला लागला. "म्हंजे मामाची आवड गेली म्हणायची."

"वय झालं त्याचं," व्यंकटराव मायेने म्हणाले, आणि ती माया फार वाईट होती. "माझ्या चुलत्याला बी शेवटी शेवटी मीठ कळत न्हवतं. इथून पुढं महारुद्रला इचारत जा. त्यो बी बघतो म्हणं."

येडबाला लोकांनी आळशी म्हटलं असतं तर चाललं असतं. तो स्वतःच म्हणायचा. अडाणी, चौथी पास, गाठोडं, हे सगळं त्याने दुसऱ्यांच्या आधी म्हणून ठेवलेलं. पण जिलबीचा तो शीन ज्याला कळला नाही असा माणूस? आणि वर महारुद्र, ज्याला मारामारी थांबली की पेंग येते? विहीर, धान्य, गंगाखेडची वाट, स्वतःचे गुडघे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी तोंड उघडलंच.

"माप बरोबर हाय मालक. आकडा खोटा सांगितला."

"मंग खरा किती?"

"समदा कळप."

व्यंकटरावांची बशी ओठापाशी थांबली. परमेश्वरने पातेलं खाली ठेवलं, आवाज न करता.

"कुठं गेलता?"

"तुमच्या हरभऱ्यात. रोही न्हाई आला मालक. रोही मीच."

"आन् कुत्रं?"

"माझ्यासंगं पिक्चर बघायलं व्हतं."

व्यंकटरावांनी चहा संपवला, मफलर नीट केला आणि म्हणाले, "चल."

ते पुढे आणि येडबा मागे, असे दोघे रानाकडे निघाले. येडबाच्या खिशात केवळाबाईचा फोन दोनदा वाजून गेला; परमेश्वरने तिला कळवलेलं दिसत होतं. पट्ट्यापाशी आल्यावर व्यंकटराव वाकले, एक कुरतडलेलं रोप हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"मी दमेकरी माणूस थंडीत मचाणावर बसलो."

"व्हय मालक."

"आन् तू ग्रुपवर म्हणला, जनावरात इमान ऱ्हायलं न्हाई."

"त्ये खरंच हाय मालक. लंगडं बोकड समद्यांच्या पुढं व्हतं."

व्यंकटरावांनी मान पलीकडे वळवली. ती का वळवली हे येडबाने विचारलं नाही. जरा वेळाने ते म्हणाले, "सांगितलं नसतं तर हिवाळाभर बसलो असतो मी तिथं, खुळ्यासारखा. उन्हाळ्यात कळप तुझाच बसंल. पाणी हाय तसं हाय. धान्य मात्र या साली मागायचं न्हाई."

"कबूल."

"आन् त्ये घोंगडं ह्या टेकाडावर परत दिसलं न्हाई पाहिजे."

"कबूल," येडबा म्हणाला. हे दुसरं कबूल पहिल्यापेक्षा जड गेलं.

एवढं झाल्यावर खरं तर घरी जायचं. पण व्यंकटराव बांधावर बसले आणि म्हणून येडबाही बसला, थोडा खालच्या अंगाला.

"त्यानं सांगायला पाहिजे व्हतं," व्यंकटराव म्हणाले.

"कुणी?"

"त्या बापानं. पोरीला. मी तुझा बाप म्हणून. एवढ्या लांबून आला आन् जिलबी वाढून गेला. ह्याला काय अर्थ हाय?"

"मालक, तिथंच तर समदं हाय," येडबा सरसावून बसला. "सांगितलं असतं तर त्यो वाढपी ऱ्हायला असता का? मांडवात रडारडी. पोरीचं ताट तसंच."

"तू सांगितलंच की मला आत्ता."

"मला तुमी महारुद्रचं नाव घेऊन पिळलं. त्याला कुणी पिळलं?"

फोन पुन्हा वाजला. या वेळी येडबाने उचलला.

"काय झालं?" केवळाबाईने विचारलं. "जागा गेली?"

"ऱ्हायली. धान्य गेलं."

पलीकडे तिने हिशेब मांडला. धान्य गेल्याचं वाईट वाटायचं की जागा राहिल्याचं बरं, हे ठरवत असावी. मग म्हणाली, "मंग इतका येळ तिथं काय करायलाव? शेरडं दावणीला बोंबलायलेत."

"येतो. मालकाला शेवट पटला न्हाई. तेवढं समजून सांगायलोय."

"आवो, ज्याचा हरभरा खाल्ला त्याच्यासंगच भांडायलाव?"

"भांडत न्हाई," येडबा म्हणाला आणि फोन खिशात टाकला, चालूच.

"पोरीनं वळखलं व्हतं त्याला," व्यंकटराव म्हणत होते. "न्हाईतर हाताकडं कामून बघितलं?"

"दुसरी जिलबी वाढतो का म्हणून बघितलं, मालक," येडबा म्हणाला, आणि पिक्चर पहिल्यापासून सांगायला लागला.